आकड्याच्या जागी आकडा

हुपरेने माझा लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला, डोक्याच्या वर नेला आणि फरशीवर आपटला. स्क्रीन एकीकडे गेली, बाकीचं धूड दुसरीकडे, आणि काही बटणं उडून रंगाच्या पाण्यात पडली. तेवढ्याने भागलं नाही म्हणून त्याने वर पाय दिला.

"घाल आता तुझं नवीन," तो म्हणाला. "घाल की!"

मी घाबरायला हवं होतं. पण माझं डोकं पहिल्यापासून असलं, की भीतीच्या आधी राग येतो आणि रागाच्या आधी तोंड सुटतं. शिवाय मला हसू आलं. त्या यंत्रात जुनं सॉफ्टवेअर परत चढवायची सोय त्याच लॅपटॉपमध्ये होती, आणि मघापासून तो माझ्याकडे तेच मागत होता.

"शाबास," मी म्हणाले. "आता साक्षात ब्रह्मदेव आला तरी इथं बसून जुनं घालता येत नाही."

त्याने माझ्या थोबाडीत मारली. कानात घंटा वाजली. मग मीही मारली. हात माझाही मोकळाच आहे, आणि समोरचा मॅनेजर आहे, मालकाचा मेहुणा आहे, तरुणपणी लाल मातीत खेळलेला आहे, याचा हिशोब मी नंतर केला.

ही गोष्ट इचलकरंजीतल्या एका प्रोसेसमधली, म्हणजे सूत रंगवायच्या कारखान्यातली. कारखाना आता बंद आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. मी पद्मजा मगदूम. तेव्हा कोल्हापुरात पाटणकर सरांच्या छोट्या कंपनीत होते. आम्ही प्रोसेसवाल्यांच्या यंत्रांना सॉफ्टवेअर पुरवत असू. यंत्राकडून माहिती घेऊन ती पुढे द्यायचा जो भाग होता त्याला आम्ही लायब्ररी म्हणायचो. पुस्तकांशी तिचा काही संबंध नव्हता. तापमान किती, दाब किती, वेळ किती झाला, हे सगळं तिच्यातून जायचं आणि त्यावरून यंत्राने काय करायचं ते ठरायचं. ती लायब्ररी माझ्या ताब्यात होती.

रंगाचं भांडं म्हणजे पुरुषभर उंचीची जाड पोलादी टाकी. आत सुताचे कोन, म्हणजे शंकूसारखी मोठी रिळं, रचायचे, रंगाचं पाणी भरायचं, झाकण आवळायचं आणि वाफेने पाणी उकळीच्याही पुढे तापवायचं. झाकण बंद असतं म्हणून ते पाणी आत दबून राहतं. तशात झाकण उघडलं तर पाणी झाकणासकट वर येतं, आणि समोर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर कातडी राहत नाही. म्हणून झाकणाला एक खिटी होती. दाब शून्य झाल्याचं आमच्या सॉफ्टवेअरला कळलं की खिटी मागे सरायची, आणि मगच झाकण फिरायचं.

या भांड्याचा दाब मोजणारा सेन्सर दिवाळीतच बिघडला होता. नवा आणायचं सोडून हुपरेने तोड काढली, की ऑपरेटरने झाकणाशेजारच्या तबकडीवरचा काटा बघायचा आणि दर अर्ध्या तासाने दाबाचा आकडा हाताने स्क्रीनवर घालायचा. ती सोयही पाटणकर सरांनीच करून दिली, गिऱ्हाईक तुटायला नको म्हणून. आता त्या कारखान्यातल्या ऑपरेटर लोकांची कार्डावर लिहायची एक जुनी रीत होती. आकडा वरच्याएवढाच असेल तर तो पुन्हा लिहायचा नाही, खाली दोन टिचक्या मारायच्या. कार्डावर ते सगळ्यांना समजायचं. तीच सवय त्यांनी स्क्रीनवर आणली. तिथे अवतरणाची खूण सापडली, ती दाबली, झालं काम.

आमची जुनी लायब्ररी फार मायाळू होती. आकड्याच्या जागी आकडा आला नाही तर ती कुरकुर करायची नाही. गुपचूप शून्य धरायची आणि पुढे जायची. म्हणजे माणूस सांगत होता की दाब मघाएवढाच आहे, आणि खिटीला निरोप पोचत होता की दाब नाही. कोल्हापुरात बसून जुनी माहिती चाळताना मला हे दिसलं. आजवर कुणी भाजलं नव्हतं ते निव्वळ नशिबाने. झाकण उघडेपर्यंत पाणी खालून निघून गेलेलं असायचं, इतकंच. मी लायब्ररी कडक केली. आकड्याच्या जागी आकडाच हवा. खूण, अक्षर, रिकामी जागा, काहीही आलं तर घ्यायचं नाही, आणि खिटी जागची हलवायची नाही. सरांना सांगितलं. सर "बरं बरं" म्हणाले. रविवारी मी ती सगळ्या कारखान्यांत इंटरनेटवरून चढवली आणि सोमवारी सकाळी हुपरेचा फोन आला.

"मॅडम, तुमचं सॉफ्टवेअर झोपलंय. उठवायला या."

मी स्कूटर काढली आणि गेले.

भांड्यापाशी लगमाण्णा उभा होता. सीमेपलीकडच्या खेड्यातला, पन्नाशीचा, शिडशिडीत. कोपरापर्यंत दोन्ही हात बाटलीसारखे हिरवे. त्या दिवशी तोच रंग चालू होता.

"बाईसाब," तो म्हणाला, "टिचकी घेत न्हाई तुमचं मशीन."

"आता घेणारच नाही. दाब किती आहे?"

"मगाशीएवढाच."

"मगाशी किती होता?"

"दोन पॉइंट आठ."

"मग तेच लिहा की."

"लिवलं. तरीबी खिटी हलंना."

"अहो, दाब असताना खिटी हलेल कशी? ती त्यासाठीच आहे!"

लगमाण्णाने माझ्याकडे बघितलं, मग काट्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. तेवढ्यात मागून हुपरे आला. मोडलेले कान, मनगटात जाड कडं, आणि डोळे तांबारलेले. आधीचे दोन लॉट रंग चुकला म्हणून परत आले होते; तिसरा परत आला तर बहिणीच्या घरचं हे ताट उचलायचं, असं मालकाने त्याला चारचौघांत सुनावलं होतं. हे मला नंतर कळलं. सूत तसंच गरम रंगात बसलं तर छटा गडद होते, आणि मग तो लॉटही गेलाच. तो असा का पेटला होता ते मी समजू शकते. माफ नाही करू शकत.

"कुठला दाब?" तो म्हणाला. "खालचा निचऱ्याचा कॉक खोलून अर्धा तास झाला. पाणी गेलं सगळं. ती तबकडी मेलीया."

"कधी मेली?"

"मरायला काय मुहूर्त लागतोय व्हय? मेली आत्ता."

"लगमाण्णा, सकाळी काटा हलत होता?"

"व्हय. सुरुवातीला खाली हुता. मग एक, मग दीड, मग चढत गेला."

मी भांड्याच्या मागे जाऊन बघितलं. निचऱ्याच्या नळाखालचा पाट जवळजवळ कोरडा होता. नळाच्या तोंडाशी एखादा थेंब, बस. एवढ्या टाकीचं हिरवं पाणी गेलं असतं तर बाहेरच्या गटारापर्यंत रंग दिसला असता. आत सुताचा बोळा अडकला असणार हे माझ्यासारख्या कीबोर्ड बडवणारीलाही कळत होतं. मी लोखंडी जिना चढून वर गेले आणि तबकडीवर टिचकी मारली. काटा थरथरला, जरासा खाली गेला आणि परत दोन पॉइंट आठवर येऊन बसला. मेलेला काटा असं करत नाही. खाली लगमाण्णा मान वर करून बघत होता. त्यानेही ते बघितलं. हुपरेनेही बघितलं असेल, पण त्याने मान फिरवली.

"वाफ बंद करा," मी वरूनच ओरडले. "भांडं निवू द्या. संध्याकाळी उघडा."

"संध्याकाळी गाडी यायची हाय माल न्यायला! लगमाण्णा, शून्य घाल."

लगमाण्णा हलला नाही.

"बहिरा झालास? स्क्रीनवर शून्य घाल. खिटी सुटंल."

"साहेब, काटा शून्यावर न्हाई."

"मग टिचक्या कशाला मारत हुतास इतके दिस?"

"टिचकी म्हंजे मगाशीएवढं. त्ये खरं हुतं. शून्य म्हंजे खोटं हुईल."

हुपरेने त्याला लाथ मारली. पोटरीवर बसली, माणूस गुडघ्यावर आला. स्क्रीन ऑपरेटरच्या अंगठ्याशिवाय चालत नसे, म्हणून हुपरेने त्याचं मनगट धरून त्याला फरफटत स्क्रीनपाशी नेलं आणि त्याचा अंगठा मुठीतून उलगडू लागला. लगमाण्णाने मूठ घट्ट केली. हुपरेने ती स्क्रीनच्या कडेवर आपटली, एकदा, दोनदा. बोटांच्या सांध्यांवरची साल निघाली आणि हिरव्यातून लाल दिसायला लागलं. शेवटी अंगठा सुटला आणि स्क्रीनवर दाबला गेला, पण रंग आणि रक्त यांनी बरबटलेला अंगठा स्क्रीनने ओळखलाच नाही. पुन्हा दाबला. पुन्हा नाही. हुपरेने स्क्रीनवर असा गुद्दा हाणला की तिच्या काचेला मधोमध तडा गेला आणि ती काळी पडली.

मी जिना उतरून खाली आले तसा तो माझ्याकडे वळला; जुन्या लायब्ररीने बंद स्क्रीनचाही शून्यच धरला असता. "जुनं घाल."

"नाही."

त्याने फोन लावला आणि माझ्या कानाला लावला. पलीकडे पाटणकर सर होते.

"पद्मजा, तात्पुरतं जुनं टाक. बाकीचं संध्याकाळी बोलू."

"सर, आत दाब आहे. मी काटा बघितला."

"तू काय त्यांच्यापेक्षा शहाणी? ते रोज उघडतात."

"मग तुम्ही या आणि तुम्हीच उघडा."

"हे बघ, मी तुला सांगतोय—"

मी फोन बंद करून हुपरेच्या हातात दिला. त्यानंतर लॅपटॉपचं जे झालं ते सांगितलंच आहे. थोबाडीत त्याने मला मारली, मी त्याला मारली.

एव्हाना सगळ्या कारखान्याचं काम थांबलं होतं. भांडी थांबली की लोकांची रोजची मजुरी थांबते. वाइंडिंगच्या म्हणजे सूत गुंडाळणाऱ्या बायका, गडी, फिटर, सगळे आमच्याभोवती जमले, आणि त्यांच्या दृष्टीने यंत्र बंद पाडणारी मीच होते. "बाईला भाईर काढा," कुणीतरी म्हणालं. पाठीमागून धक्का बसला. मी ओरडून सांगत होते की आत उकळतं पाणी आहे, हा माणूस मरेल. पण घोळक्यात बाईचा आवाज चढला की लोक शब्द ऐकत नाहीत, नुसता आवाज ऐकतात.

हुपरेने कोपऱ्यातला घन उचलून लगमाण्णाच्या पायाशी टाकला. "चढ. खिटी तोड."

"साहेब..."

"शून्य लिवायचं न्हाई न्हवं तुला? नगं लिवू. तोड. न्हाईतर तुझी आनि शांताक्काची, दोघांचीबी हजेरी आजपासनं बंद."

शांताक्का म्हणजे त्याची बायको, तिथेच वाइंडिंगला. ती घोळक्यात पुढे उभी होती, पदर तोंडात धरून. लगमाण्णाने तिच्याकडे बघितलं आणि घन उचलला. खोटा शून्य लिहायला जो माणूस बोटं फुटली तरी तयार नव्हता, तो मरायला मात्र गुमान निघाला. मला इतका संताप आला की त्यालाच आधी मारावं असं वाटलं.

"लगमाण्णा, उतरा! अहो, काटा बघितलात ना तुम्ही?"

"बघितला बाईसाब," तो जिना चढता चढता म्हणाला. "तुमी लांब व्हा."

पहिला घाव बसला. भांडं घुमलं. दुसऱ्या घावाला खिटी वाकली. तिसऱ्याच्या वेळी झाकणाच्या कडेतून एक बारीक शीळ आली आणि लगमाण्णाचा हात हवेतच थांबला. मला ती ऐकू आली. त्यालाही आली. तो उभ्या जागी थिजला.

"हाण!" खालून हुपरे ओरडला. "हाण की, बायल्या!"

लगमाण्णा हलेना. तेव्हा हुपरे स्वतः जिना चढू लागला. वर पोचून त्याने घन हिसकावला. लगमाण्णाला बाजूला करायला जागाच नव्हती. मागे भिंत आणि पुढे झाकण, मध्ये तो. हुपरे जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा राहिला आणि घन डोक्यामागे नेला. घाव बसला असता तर खिटी तुटणार होती. आणि झाकणाच्या तोंडाशी तो नव्हता, लगमाण्णा होता.

माझ्या पायाशी फिटरचा पाना पडला होता, हातभर लांब. मी तो दोन्ही हातांत धरला आणि जिन्याच्या बाजूने वर हुपरेच्या गुडघ्यावर मागून घातला. पूर्ण ताकदीने घातला. त्यात दयामाया नव्हती आणि चूकही नव्हती. हाड मोडल्याचा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. तो मागे कोसळला, घन त्याच्या आधी खाली आला, आणि त्याचा उजवा हात त्याच्याच अंगाखाली असा दुमडला की कोपराच्या वर पांढरं टोक दिसलं. तो गुरासारखा ओरडला. लगमाण्णा भिंतीला पाठ घासत खाली बसला.

मग लोक माझ्यावर पडले. कुणी मारलं ते मी आजही सांगू शकत नाही. पाना माझ्या हातातून गेला, केस कुणाच्या तरी मुठीत होते, पाठीत कोनाचे लोखंडी दांडे बसत होते. एक बुक्की तोंडावर आली आणि पुढचे दोन दात जिभेवर आले. फरशीवरचं हिरवं पाणी माझ्या तोंडात गेलं. कडू, खारट, कोमट. "साहेबाला मारलं! साहेबाला मारलं!" एवढंच ऐकू येत होतं. रखवालदाराने पोलिसांना फोन केला म्हणून वाचले, नाहीतर मला तिथेच रंगवून काढलं असतं.

चौकीत एका महिला शिपायाने तोंड धुवायला पाणी दिलं. दात मी रुमालात बांधून ठेवले होते, कशासाठी कोण जाणे. दिवेलागणीच्या सुमाराला पाटणकर सर आले. माझं तोंड बघून आधी ते खुर्चीत बसले, मग बोलले.

"पद्मजा, हुपरेचा हात दोन जागी मोडलाय. गुडघा गेलाय. हाडं मोडण्याचं कलम लागतंय तुला."

"लागू दे."

"ऐक माझं. मालकाशी बोललोय मी. तू लेखी माफी मागायची, आणि आज रात्री जुनी लायब्ररी परत चढवायची. ऑफिसच्या मशीनवरून होईल, पासवर्ड तेवढा दे. ते तक्रार मागे घेतात. तुझ्या नावावर काही राहत नाही."

खरं सांगते, मी हो म्हणणार होते. सकाळपासून जो राग मला उभी धरून होता तो उतरला होता आणि आता नुसतं दुखत होतं. मी सव्वीस वर्षांची होते. कोर्टाच्या तारखा, आईचा चेहरा, उद्या कोण नोकरी देईल, हे सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. मी काय करून ठेवलंय, एका काट्यासाठी, असंही वाटलं. पासवर्ड माझ्या ओठांवर आला होता.

तेवढ्यात चौकीच्या फौजदाराने लगमाण्णाला आत बोलावलं. त्याच्या हाताला चिंधी गुंडाळलेली होती. मला धीर आला. आता हा सांगेल, मी मनात म्हटलं.

"भांड्यात दाब होता का?" फौजदाराने विचारलं.

"न्हाई साहेब."

"काट्यावर किती होता?"

"शून्य."

"मग बाईने मॅनेजरला का मारलं?"

"तिचं सॉफ्टवेअर बिघडलं हुतं. साहेब बोलले तिला, म्हून मारलं. उगंच मारलं."

मी खुर्ची ढकलून उठले. काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्याच्या सदऱ्याला मी हात घातला आणि सदरा टर्रकन फाटला. "खोटारड्या! बोटं फोडून घेतलीस शून्य लिहायचं नाही म्हणून, आणि आता इथं तोंडाने—" दोघा शिपायांनी मला ओढलं. लगमाण्णाने मान वर केली नाही. सही म्हणून अंगठा उठवला, त्याच चिंधीतल्या हाताचा.

मला बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. सर आत कागदांवर सह्या करत होते. लगमाण्णा जाताना थांबला. शिपाई जरा लांब तंबाखू मळत होता.

"बाईसाब," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"चालता हो."

"चारच्या सुमाराला फिटरनं निचऱ्याचा नळ खालनं सोडला. बोळा निघाला. पाणी असं सुटलं की भिताडापतुर गेलं. गटारापाशी कुत्रं झोपलं हुतं, काळं, रोज शांताच्या हातचं खायचं त्ये." तो थांबला. "वरडायलाबी गावलं न्हाई त्याला. कातडं वायलं, कुत्रं वायलं."

मी बाकावर त्याच्याकडे वळले.

"मालकानं सगळं धुऊन काढलं. सगळ्यांस्नी सांगितलं, दाब न्हवता म्हून सांगायचं. शांताची नोकरी हाय, माझी हाय. दुसरं काय येतंय मला? मी उद्या कोर्टातबी ह्येच सांगणार. तुमी मला शिव्या घाला, मारा. घाला." त्याने शिपायाकडे एक नजर टाकली. "पर त्ये तुमचं काढू नगा. आमी कितीबी बोंबललो तरी काढू नगा. म्या उद्या परत त्याच झाकनापुढं हुबा ऱ्हानार हाय."

आणि तो फाटक्या सदऱ्यानिशी पायऱ्या उतरून गेला.

सर बाहेर आले आणि म्हणाले, "चल. पासवर्ड सांग, मी ऑफिसात फोन करतो."

"देते," मी म्हणाले. "पण एका अटीवर. जुनी लायब्ररी चढली की उद्या सकाळी त्या भांड्याचं झाकण तुम्ही उघडायचं. लगमाण्णाने नाही, तुम्ही."

सरांनी हातातला फोन खिशात टाकला. मग त्यांनी मला मनापासून शिव्या घातल्या, त्यात माझ्या घराण्याचाही उद्धार झाला, आणि जामिनाचे कागद भरायला परत आत गेले. पासवर्ड त्यांनी पुन्हा मागितला नाही. ते गिऱ्हाईक गेलं, पण टिचक्या न घेणारं सॉफ्टवेअर त्या भांड्यावर तसंच राहिलं, कारण ते काढायला येणारं कुणी नव्हतं. पुढच्या आठवड्यात मालकाने गाजावाजा न करता नवा सेन्सर बसवला.

खटला रखडत रखडत सात-आठ वर्षांनी उभा राहिला. हुपरे काठी टेकत आला, साक्ष देऊन गेला. मग लगमाण्णाला पुकारलं. केस पांढरे झाले होते, अंगात धुतलेला सदरा होता. तो पिंजऱ्यात उभा राहिला आणि कुणी विचारायच्या आत सांगायला लागला, न अडखळता, पाठ केल्यासारखं. काट्यावर शून्य होता. दाब अजिबात नव्हता. बाईनं उगंच मारलं. मी त्याच्याकडे बघत होते. खिडकीतून ऊन थेट त्याच्यावर पडलं होतं. कपाळ, गाल, मान, दंड, मी सगळं नीट न्याहाळून घेतलं. भाजल्याचा डाग कुठेच नव्हता. बोटांवर रंग मात्र होता, या खेपेला तांबडा.

माझे वकील उलटतपासणीला उठले. त्यांनी महिनाभर तयारी केली होती. फिटर फुटला होता, कुत्र्याची गोष्ट त्यांना कळली होती. अर्ध्या तासात या माणसाला उघडा पाडतो, असं त्यांनी मला सांगितलं होतं. मी त्यांच्या कोटाची बाही धरून ओढली.

"बसा," मी म्हणाले. "काही विचारायचं नाही."

"अहो मॅडम, धडधडीत खोटं बोलतोय तो. तुम्हाला शिक्षा होईल."

"होऊ दे. याला उघडा पाडलात तर त्याची नोकरी जाईल."

"पण मग एवढं सगळं केलंत कशासाठी?"

समोर लगमाण्णा न्यायाधीशांना पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, सांगत होता की ही बाईच वाईट आहे.

"हे ऐकायला," मी म्हणाले, आणि मला रडू आवरेना. "बोलतोय ना तो? बोलू दे."